दुसरीच्या नावावर

गाडी नाक्यावर अडवली होती. मागच्या सीटवर सिस्टर आडवी होती, रक्त सीटवरून उतरून खालच्या रबरी चटईवर जमत होतं, आणि बंदूकवाला पोलीस हातातल्या कागदावर वरून खाली बोट फिरवत तिचं नाव शोधत होता. नाव त्या कागदावर नव्हतं. कागद माझ्या मुलीने केलेला होता.

गाडी युगांडात होती. मी आयर्लंडमध्ये, मलिंगारला, मुलीच्या स्वयंपाकघरात पिठाचे हात घेऊन उभी होते. मध्ये फक्त मुलीचा फोन होता, साखरेच्या डब्याला टेकवलेला. तिकडे ड्रायव्हरने त्याचा फोन मागच्या सीटकडे वळवून धरला होता. त्यात कधी सिस्टरचं तोंड दिसे, कधी तिच्या सासूचे हात, कधी नुसतं गाडीचं छत.

सिस्टर म्हणजे तिथल्या एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रातली नर्स. बाळंतपणं करणारी. त्या दिवशी दुपारी तिचं स्वतःचं बाळंतपण झालं होतं. मुलगी झाली, चांगली रडली, वारही पडली. पण पिशवी आकसली नाही. मूल बाहेर आलं की गर्भपिशवी मुठीसारखी आवळून घट्ट व्हावी लागते. नाही झाली तर रक्त थांबत नाही. केंद्रातल्या दुसऱ्या नर्सने इंजेक्शन दिलं, दोन वेळा दिलं. ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, आणि वीज नसल्यामुळे केंद्रातला फ्रिज आठवडाभर नुसतं कपाट झाला होता. इंजेक्शन म्हणजे पाणीच. मग मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीने दीड तास. बाळाला दुसऱ्या नर्सकडे ठेवलं आणि निघाले. अर्ध्या तासात नाका लागला.

"ती यादीत नाही," मुलगी म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

"तर टाक."

"असं टाकता येत नाही, आई."

का टाकता येत नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी तीन महिन्यांसाठी म्हणून मुलीकडे आले होते. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मी तिथेच राहिले. जावई डॉक्टर. कोविडच्या वॉर्डात ड्यूटी असायची. घरी आले की मागच्या दाराने आत, कपडे सरळ मशीनमध्ये, आणि मग पुढच्या लहान खोलीत एकटे. मी ताट दाराबाहेर ठेवायची आणि टकटक करून मागे सरायची. एकदा आतून आवाज आला, "आई, आज भाजीत मीठ नाही."

"वास येते ना भाजीचा? मग जिवंत आहात तुम्ही. खा," मी म्हटलं.

मुलगीही डॉक्टर, पण पेशंट न पाहणारी डॉक्टर. ती संशोधन करते. तिकडे युगांडात खेड्यापाड्यांतल्या बायका बाळंतपणात किती रक्त जाऊन मरतात, ते मोजायचं तिचं काम होतं. बाईच्या खाली प्लास्टिक अंथरायचं, त्याला खाली पिशवी, पिशवीवर रेघा. रक्त कुठल्या रेघेपर्यंत आलं ते लिहायचं. आधी ती वर्षातून चारदा तिकडे जायची. ते बंद झाल्यावर जेवणाचं टेबल हेच तिचं ऑफिस झालं.

मी यवतमाळकडच्या एका सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत आया होते. शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडे रेघा नव्हत्या. खाटेखालची फरशी दिसेनाशी झाली की डॉक्टरला उठवायचं, एवढंच माप. मी मुलीला एकदा म्हटलंही, "मोजून काय करता? थांबवा ना."

"मोजलं नाही तर बायका मरतात यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आई."

"मरणाऱ्या बाईच्या घरच्यांचा बसते की."

ती लॅपटॉपकडे वळली.

रोज अकरा वाजता तिचा तिकडे फोन असे. आमच्या अकराला त्यांचा एक. सिस्टर केंद्राच्या पायरीवर बसून बोलायची, कारण आत सिग्नल नव्हता. ती मुलीच्या अभ्यासाचं, म्हणजे त्या संशोधनाचं, तिकडचं सगळं काम पाहायची. बायकांच्या नोंदी, तारखा, फॉर्म. तीस-बत्तीसची असेल. पुढच्या दोन दातांत फट होती आणि हसताना तोंडावर हात घ्यायची नाही. एके दिवशी तिने मागे मला भाकरी थापताना पाहिलं आणि विचारलं, ही कोण. मुलीने सांगितलं, आई आहे, लेबर रूममध्ये आया होती. त्यानंतर फोन सुरू झाला की आधी "जाजा कुठे आहे?" जाजा म्हणजे त्यांच्यात आजी.

मला इंग्रजी येत नाही. पण दवाखान्याचं इंग्रजी येतं. बीपी, ब्लीडिंग, प्लेसेंटा, टाके, रेफर. तेवढ्यावर आणि हातांवर आमचं भागायचं. तिकडे बाई बाळंतपणाला येताना आपलं सामान आपण आणते. प्लास्टिक, ब्लेड, दोरा, कापूस, हातमोजे. जिला मिळालं नाही ती तशीच येते. मग सिस्टर काय करायची, तर पॉलिथिनच्या पिशव्या हातात घालून मनगटाला दोरा बांधायची. तिने बांधून दाखवलं. मी तिला दाखवलं की आम्ही वापरलेले मोजे धुवून, उकळून, पावडर लावून दोरीवर वाळत घालायचो. ती म्हणाली, जाजा, तुमच्याकडे दोरीवर घालायला मोजे तरी होते. आणि हसली.

ती स्वतः सातव्यात होती. पोट पुढे घेऊन पायरीवर बसायची.

मग तिकडे गाड्या बंद झाल्या. सगळ्याच. मोटारसायकलवर मागे माणूस बसवायचा नाही. तिकडच्या खेड्यांत मोटारसायकल हीच अॅम्ब्युलन्स. कळा लागलेल्या बायका पायी निघायला लागल्या. सिस्टरने फोनवर सांगितलं, एक बाई पहाटे निघाली ती दुपारी पोचली, मूल अर्धं बाहेर. माझी मुलगी दहा दिवस तिथल्या ऑफिसांना फोन आणि ईमेल करत होती. शेवटी परवानगी मिळाली. अभ्यासाची जी एक भाड्याची गाडी होती तिला रस्त्यावर चालता येईल, पण फक्त अभ्यासातल्या बायकांसाठी. त्यांची यादी द्यायची, नाव आणि बाळंतपणाची तारीख. यादीवर शिक्का. नाक्यावर ती यादी. एका नावाला दवाखान्याची एक फेरी, फेरी झाली की नाक्यावरचा माणूस नावावर रेघ मारणार. नवीन नाव घालायचं तर नवीन यादी, नवा शिक्का, आणि ऑफिस सोमवार ते शुक्रवार.

यादी मुलीने केली. बायका सिस्टरने गोळा केल्या. आणि सिस्टरचं नाव त्यात नव्हतं, कारण संशोधनाचा नियम असा की जो मोजतो त्याला मोजायचं नाही. अभ्यासात काम करणारी बाई अभ्यासातली पेशंट होऊ शकत नाही. तो नियम मुलीनेच पहिल्या वर्षी लिहून दिला होता आणि विद्यापीठाच्या समितीने त्यावर सही केली होती.

मी मुलीकरवी सिस्टरला विचारलं होतं, "तुझं नाव काऊन नाही यादीत? तुले दिवस नाहीत का?"

ती म्हणाली, "जाजा, मी केंद्रातच राहते. खाटेवरून उतरले की नर्स, खाटेवर चढले की पेशंट. मला गाडी कशाला?"

मला ते पटलं. पटायला नको होतं. लेबर रूममध्ये काम करणाऱ्या बाईला वाटतं की आपल्याला काही होत नाही. मी स्वतः कळा येत असताना दोन खाटा धुतल्या होत्या आणि तिसरीवर बाळंत झाले होते. ते शहाणपण नव्हतं. नशीब होतं. तरी मी त्या दिवशी तिच्याबरोबर हसले.

तर नाका.

पोलीस वाईट नव्हता. त्याने दोन वेळा यादी वाचली. खिडकीतून आत पाहिलं, तोंड फिरवलं, पुन्हा यादी वाचली. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की यादीत नसलेलं माणूस सोडलं तर तुझी नोकरी जाईल. ड्रायव्हर त्याला काकुळतीने सांगत होता. मुलगी इकडून दुसऱ्या फोनवर त्या शिक्क्याच्या ऑफिसला फोन लावत होती. शुक्रवार होता, तिकडे पाच वाजत आले होते. घंटी वाजायची आणि वाजून बंद पडायची.

मला सासूचे हात दिसले. ती सुनेच्या पोटावर वरून नुसती थोपटत होती. माझ्याच वयाची बाई, डोक्याला फडकं बांधलेलं.

"तिले सांग, थोपटून नाही होणार. दाबा लागते," मी मुलीला म्हटलं.

मुलीने इंग्रजीत सांगितलं, ड्रायव्हरने त्यांच्या भाषेत. सासूने काहीतरी विचारलं, ते उलट्या वाटेने माझ्यापर्यंत आलं. तोवर चटईवरचं रक्त हललं, म्हणजे आणखी आलं. मी बोलणं सोडलं. परातीतला भाकरीचा गोळा उचलून फोनपुढे धरला. उजव्या हाताची मूठ खालून गोळ्यात घातली, डावा हात वरून ठेवला, आणि दोन्हींच्या मध्ये गोळा पिळला. मूठ बाईच्या आत, हात पोटावर. पुन्हा दाखवलं. सासूने फोनकडे पाहिलं. मग तिने बाही वर केली.

सिस्टर ओरडली. ओरडली ते बरं झालं. ओरडणाऱ्या बाईत जीव असतो.

"हात काढू नको म्हणा. दवाखान्याच्या खाटेपर्यंत काढू नको. हात गळाला तरी नाही."

रक्त कमी झालं. थांबलं नाही, पण कमी झालं.

"आता तू नाव टाक," मी मुलीला म्हटलं.

"नव्या नावाला शिक्का लागतो. ऑफिस फोन उचलत नाही. आणि आई, यादीत गडबड सापडली तर परवानगीच काढून घेतील. त्या यादीत अजून वीसेक बायका आहेत. त्या काय करतील?"

ती खरं बोलत होती. ती काही निर्दयी नाही. तिला वीस बायका दिसत होत्या आणि मला एक.

मी म्हटलं, "नवीन नको टाकू. जुनंच दे."

"म्हणजे?"

"यादीतल्या एकीचं नाव दे इले. पोलिसाले काय ठाऊक सिस्टर कोन आणि ती कोन."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती विसाव्या वर्षी मला सोडून शिकायला गेली तेव्हापासून तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं, मी सांगेन ते करायच्या नजरेने.

"कुणाचं?"

"जिले सगळ्यात जास्त दिवस आहेत तिचं. तोवर नवीन यादी होईल."

तिने लॅपटॉपवर यादी उघडली, तारखांनी लावली. सगळ्यांत खाली एक नाव होतं. "हिला अजून सात आठवडे आहेत. तिसरं मूल."

"हेच दे."

"सोमवारी सकाळी मी तिचं नाव परत घालून घेईन," मुलगी म्हणाली.

"हाव. दे."

ते नाव मी इथे लिहीत नाही. मुलीने ते ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर त्या बाईला ओळखत होता. तरी त्याने ते पोलिसाला सांगितलं, की गडबडीत मी चुकीचं नाव दिलं होतं, हिचं नाव हे आहे. पोलिसाने पुन्हा यादी पाहिली. त्यालाही बहुतेक असंच काहीतरी हवं होतं. त्याने कानामागचं पेन काढलं, नावावर रेघ मारली आणि रस्त्यावरचा आडवा बांबू वर केला.

गाडी सुटली. माझ्या हातातला गोळा वाळून चिरला होता. मी तो परातीत टाकला आणि पाणी लावून पुन्हा मळला. दुसरं काय करणार? जावयाला भूक लागणार होती.

मोठ्या दवाखान्यात तिला सरळ आत घेतलं. सासूचा हात तिथल्या नर्सने हळूहळू सोडवला म्हणे, बोटं उघडत नव्हती. रक्ताच्या फ्रिजमध्ये रक्त नव्हतं. तिकडे रक्त जास्त करून शाळा-कॉलेजातली मुलं देतात, आणि शाळा बंद. कुणाच्या ते आधी लक्षातच आलं नाही, की शाळा बंद केल्या तर बाळंतिणी मरतील. ड्रायव्हरचं रक्त जुळलं. तिथल्या एका नर्सचं जुळलं. त्यांनी तिथल्या तिथे दिलं. डॉक्टरने पिशवी काढून टाकली. त्यापुढचं दुसऱ्या दिवशीच कळेल म्हणाले.

शनिवारी काही कळलं नाही. मुलगी माझ्या बीपीच्या गोळ्या आणायला गावात निघाली, मी गाडीत बसले. रस्त्यात पोलीस होता, इकडचा. काच खाली करायला लावली. कुठे? औषधं आणायला. मी मागच्या सीटवर आहे हे त्याने पाहिलं, हात हलवला. जा. कागद नाही, यादी नाही. थोडं पुढे जाऊन मुलीने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली.

"रडून घे," मी म्हटलं. "मग चालव. एका वेळी एक काम कर."

संध्याकाळी ड्रायव्हरचा दोन शब्दांचा निरोप आला. अजून आहे.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मला वाटलं सिस्टर गेली. मुलीलाही तेच वाटलं, तिने फोन उचलायच्या आधी खुर्ची ओढून घेतली.

सिस्टरचं नव्हतं. त्या दुसऱ्या बाईचं होतं. सात आठवडेवालीचं. तिला सकाळपासून कळा लागल्या होत्या, पाणी गेलं होतं आणि मूल आडवं होतं. केंद्रातल्या नर्सने मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिच्या नवऱ्याने ड्रायव्हरला फोन केला. ड्रायव्हरने तिला गाडीत घेतलं. दुसरं तो काय करणार होता? नाक्यावर दुसरा माणूस होता. त्याने यादी पाहिली. ही तर परवाच गेली, म्हणाला.

मुलीने ड्रायव्हरला फोन त्या माणसाच्या कानाला लावायला सांगितला. तिने त्याला सगळं खरं सांगितलं. चूक माझी आहे, ही खरी ती आहे, परवा गेली ती दुसरी होती, तिला सोडा. मी शेजारी उभी होते. पलीकडचा आवाज मला ऐकू आला, शांत होता. मुलीने नंतर सांगितलं तो काय म्हणाला. म्हणाला, परवाची खोटी होती तर आजची खरी कशावरून?

त्याने ड्रायव्हरच्या हातातून किल्ली घेतली. चौकशी होईपर्यंत गाडी इथेच राहील.

बाई उतरली. नवरा आणि बहीण दोन बाजूंनी. नाक्याच्या मागून शेतातून पायवाट होती, त्या वाटेने चालायला लागले. ड्रायव्हर त्यांच्याबरोबर थोडा वेळ गेला, मग त्याला मागे बोलावलं. फोन त्याच्याजवळ राहिला. त्यापुढे आम्हाला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मुलगी पुन्हा पुन्हा फोन लावत होती. केंद्राला, मोठ्या दवाखान्याला, ऑफिसला. रविवार.

मला तेव्हा समजलं मी काय केलं ते.

सात आठवडे. ती तारीख कुणी काढली होती? पाळी शेवटची कधी आली होती, ते त्या बाईला आठवलं तसं तिने सांगितलं, आणि सिस्टरने लिहून घेतलं. दोन पोरांची आई, शेतात जाणारी, अंगावर पिणारं दुसरं मूल. तिला कुठली पाळी आणि कुठला महिना? मी एकतीस वर्षं असल्या तारखा पाहिल्या होत्या. आमच्या दवाखान्यात डॉक्टरच्या कागदावर सातवा लिहिलेला असायचा आणि बाई खाटेवर चढली की आम्ही दोघी आया एकमेकींकडे पाहायचो, पूर्ण भरलेली आहे म्हणून. पोटावर हात ठेवल्याशिवाय तारीख खरी धरायची नाही, हे मी नवीन नर्सांना शिकवायची. आणि शुक्रवारी मी लॅपटॉपवरची तारीख पाहून म्हटलं, हेच दे. मुलीच्या मशीनमध्ये आहे म्हणजे खरीच असेल असं मला वाटलं. मुलीची चूक नाही. शिकण्याचे दिवस सोडले तर तिने कधी बाळंतपणाच्या खोलीत पोट धरून पाहिलेलं नाही. मी पाहिलेलं होतं.

शेजारची म्हातारी तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. तिचा नवरा गेलेला, मुलं दूर. रोज आम्ही भिंतीवरून बोलायचो, ती तिच्या भाषेत, मी माझ्या. त्या दिवशी मी बाहेर गेले तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "ग्रँड." ठीक आहे म्हणायला आयर्लंडमध्ये सगळे हेच म्हणतात. ती मान हलवून पुन्हा चिमटे लावायला लागली.

सोमवारी सकाळी कळलं. ती बाई पायवाटेवरच बाळंत झाली. आडवं मूल बहिणीने ओढून काढलं, कसं ते मला विचारू नका, मला माहीत आहे आणि मी लिहिणार नाही. मग रक्त लागलं. नवऱ्याने कुणाची तरी सायकल आणली. तिला कॅरिअरवर धरून ढकलत नेलं.

मुलीने त्याच दिवशी समितीला सगळं लिहून कळवलं. मी म्हटलं, माझं नाव लिही, नाव मी निवडलं.

"तुला कुठल्या रकान्यात लिहू?" ती म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

तिने स्वतःचंच लिहिलं. अभ्यास थांबवला गेला. गाडीची परवानगी गेली, ती म्हणाली होती तसंच. यादीतल्या बाकीच्या बायका त्या दिवसांत दवाखान्यात कशा गेल्या, गेल्या की नाही, आम्हाला कळलं नाही. ड्रायव्हरला चार दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. काही आठवड्यांनी तिकडे गरोदर बाईला कागदाशिवाय जाऊ द्यायचं ठरलं, असं ऐकलं. रस्त्यावर बाळंत झालेल्या त्या बाईचं रक्त अभ्यासात कुठेच मोजलं गेलं नाही. तिच्याखाली रेघांची पिशवी नव्हती.

मुलगी त्यानंतर तीन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. ताट वाढू का, औषध घेतलं का. मी काही मनवलं नाही. जावई एकदा दारातून म्हणाले, "आई, तुम्ही नसतात तर सिस्टर गेली असती."

"हिशेब नका सांगू मले," मी म्हटलं. "जेवा."

ऑक्टोबरमध्ये सिस्टरने फोन केला. आधी मुलीशी बोलली. मग म्हणाली, जाजाला बोलाव. पूर्वीसारखीच पायरीवर बसली होती, मांडीवर पोरगी. खूप वाळली होती. हसली नाही. तिला सगळं माहीत होतं. ती दुसरी बाई तिच्याच केंद्रात यायची, तिची आधीची दोन्ही बाळंतपणं सिस्टरनेच केली होती.

तिने एकच विचारलं. नाव कुणी निवडलं?

"मी," मुलगी इंग्रजीत म्हणाली.

मला तेवढं इंग्रजी कळतं. मी मुलीच्या हातातून फोन घेतला आणि छातीवर बोट ठेवलं. "नो. मी. जाजा."

सिस्टरने पोरीचं तोंड फोनकडे वळवलं. पोरीने फोन चाटला.

मी दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, लस घेऊन घरी परतले. मुलीचा अभ्यास पुन्हा सुरू झाला आहे. आता त्यात तारीख विचारून घेत नाहीत, पोट मोजून लिहितात.

सिस्टर जगली. तिची मुलगी जगली. जिच्या नावावर सिस्टर दवाखान्यात गेली ती बाई सायकलवरच मेली. तिचं मूल जगलं, पूर्ण दिवसांचं होतं. ते तिच्या बहिणीकडे आहे.